रोग्याची बोली, डॉक्टरांची इंग्रजी आणि आपली मराठी

इंदूरमधील मराठी डॉक्टरांचा दिवस तीन भाषांत वाटलेला असतो. घरात मराठी, रुग्णांशी हिंदी आणि केसपेपरवर इंग्रजी. आपल्याला त्याची इतकी सवय झालेली असते की एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आपण केव्हा शिरलो हे लक्षातही येत नाही. गेली अनेक वर्षे मी सांवेर रोडवरील औद्योगिक वसाहतीत व्यवसाय करीत आहे. औषधे, प्लॅस्टिक, नमकीन, लोखंडी सामान अशा नाना प्रकारच्या कारखान्यांतील कामगार व त्यांची कुटुंबे हे माझे रुग्ण. कोणी माळव्यातील खेड्यांतून आलेले, कोणी निमाडातून, तर कोणी पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधून. त्यामुळे 'हिंदी' या एका नावाखाली माळवी, निमाडी, अवधी, भोजपुरी अशा अनेक बोली रोज कानावर पडतात.

स्मरणिकेसाठी लेख लिहावा असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा एखाद्या आजाराची माहिती देण्याऐवजी या तीन भाषांविषयीच लिहावे असे वाटले. वैद्यकातील तर्क आपण इंग्रजीतून शिकलो. मग तो तर्क करीत असताना आपली मातृभाषा नेमके काय करीत असते? ती बाजूला उभी असते, अडथळा आणते, की काही मदतही करते? प्रश्न केवळ भाषाप्रेमाचा नाही. रुग्णाच्या जिवाशी त्याचा थेट संबंध आहे, असे अनुभवाने व वाचनाने माझे मत झाले आहे.

ऐकताना

निदानाची पहिली पायरी म्हणजे रुग्णाची तक्रार. ती त्याच्या बोलीत येते आणि आपण ती इंग्रजीत लिहितो. हे भाषांतर क्षणार्धात घडते व कोणी ते तपासत नाही. धोका नेमका इथे असतो.

वेदनेचेच उदाहरण घ्या. मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदना मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेचे वर्णन करणारे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत मांडलेले आहेत. वेदना कशी आहे हे कळण्यासाठी ती कोणत्या शब्दांत सांगितली जाते ते ऐकले पाहिजे, हा त्यामागील विचार. आपल्या मराठीत तर ही संपत्ती घरोघरी आहे. ठणका, कळ, चमक, सल, मुरडा, चुरचुर, जळजळ, रग. 'ठणकते' म्हटले की पू झाल्याची शंका येते, 'मुरडा' म्हटले की आतड्यांकडे लक्ष जाते, 'चमक निघते' म्हटले की स्नायू किंवा मज्जातंतू आठवतात. केसपेपरवर मात्र या सर्वांसाठी बहुधा 'पेन' हा एकच शब्द उमटतो.

शरीराच्या अवयवांचेही तसेच. मराठीत आतला तो घसा आणि बाहेरचा तो गळा. हिंदीत दोन्हींना 'गला'च म्हणतात. 'गले में दर्द' हे ऐकून मराठी कान लगेच घशाकडे वळतो. पण दुखणे बाहेरच्या गाठीचे किंवा थायरॉइडचेही असू शकते. बोट ठेवून दाखवायला सांगावे, हा जुन्या डॉक्टरांचा प्रघात म्हणूनच शहाणपणाचा आहे.

हिंदी आणि मराठी जवळच्या बहिणी असल्यामुळे फसगत अधिक होते. हिंदीतील शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे ती दंड. हिंदीतील चेष्टा म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. हे विनोदापुरते ठीक आहे. परंतु 'जुलाब' हा शब्द पाहा. मराठीत जुलाब होतात. हिंदीत जुलाब घेतात, म्हणजे रेचक घेतात. 'घाम' हा शब्द तर त्याहून नाजूक. मराठीत तो शरीरातून निघतो. अवधी व भोजपुरी बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याचा अर्थ ऊन. मे महिन्यात भट्टीजवळ काम करणारा कामगार 'घाम लग गया' म्हणतो, तेव्हा त्याला ऊन बाधले असे तो सांगत असतो. हेच वाक्य छातीच्या दुखण्याबरोबर आले आणि ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ 'दरदरून घाम फुटला' असा घेतला, तर निदानाची दिशाच बदलते.

या बाबतीत एक प्रसंग सांगतो. पन्नाशीचा एक मशीन ऑपरेटर दुपारी दवाखान्यात आला. आदल्या रात्री तो दुसरीकडे दाखवून आला होता आणि त्या चिठ्ठीवर 'एन्झायटी' असे लिहून झोपेची गोळी दिलेली होती. त्याचे स्वतःचे शब्द मात्र होते, "साहब, घबराहट हो रही है." घबराहट या शब्दाचा शब्दकोशातील इंग्रजी अर्थ पाहिला तर चिठ्ठी बरोबरच होती. माझ्या मनात मात्र त्या शब्दाचा मराठी प्रतिध्वनी उमटला, 'जीव घाबरा होणे'. आमच्या घरातील वडीलधारी माणसे हा शब्दप्रयोग मनाच्या भीतीसाठी क्वचितच वापरीत. पित्त उसळले, श्वास कोंडला, छाती भरून आली की जीव घाबरा होई. मी त्याला विचारले, घबराहट कुठे होते? त्याने तळहात छातीच्या मध्यावर ठेवला. कार्डिओग्राम काढला, तर हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका येत असल्याच्या खुणा स्पष्ट होत्या. ॲस्पिरिन देऊन त्याला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठविले. पुढे तो कामावर परतला.

माळव्यात अनेक रुग्ण हृदयविकाराच्या झटक्याचे वर्णन 'घबराहट' याच शब्दाने करतात, हे आपल्यापैकी अनुभवी डॉक्टरांना ठाऊक आहे. इंग्रजीत पोहोचेपर्यंत त्या शब्दातून छाती निघून जाते व केवळ मन उरते. मराठीत ती छाती शिल्लक राहिली होती. मातृभाषेने इथे निदान केले नाही. तिने एक जास्तीचा प्रश्न विचारायला लावला. तेवढा प्रश्न पुरला.

मोजताना

नाडी मोजताना आपण मनात कोणत्या भाषेत मोजतो, हे एकदा पाहावे. मी मराठीत मोजतो. बारा किलो वजनाच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यावयाचे तर पंधराच्या पाढ्यातील उत्तर, एकशे ऐंशी, माझ्या मनात मराठीतच येते. मग पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या औषधाचे साडेसात मिलिलिटर, म्हणजे दीड चमचा, हेही मराठीतच ठरते. कागदावर उतरते ते इंग्रजीत आणि आईला सांगितले जाते ते हिंदीत, 'डेढ़ चम्मच'.

याला शास्त्रीय आधार आहे. एलिझाबेथ स्पेल्की आणि सॅना त्सिव्हकिन यांनी २००१ साली रशियन व इंग्रजी या दोन्ही भाषा जाणणाऱ्यांवर प्रयोग केले. अचूक बेरजा एका भाषेत शिकविल्या, तर त्यांची उत्तरे त्या भाषेत चटकन येत आणि दुसऱ्या भाषेत वेळ लागे. अंदाजे उत्तर द्यावयाचे असेल तेव्हा मात्र भाषेने फरक पडत नसे. म्हणजे पाढे ज्या भाषेत पाठ केले, त्या भाषेतच ते साठवलेले राहतात.

आपल्या भाषांतील संख्यानामे तशी अवघडच. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीने 'वीस एक' असे वाचन सुचविले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. त्या वादात कोणाची बाजू बरोबर हा विषय इथे नाही. पण संख्या ऐकून अंक लिहिताना मुलांची अडचण होते हे त्यामागचे निरीक्षण खरे होते. हिंदीत ७९ ला 'उनासी' व ८९ ला 'नवासी' म्हणतात. घाईत, फोनवर, रक्तातील साखरेचा आकडा ऐकताना या दोहोंत गफलत होऊ शकते. आजच्या अनेक तरुण आईवडिलांना 'डेढ़' व 'ढाई' यांतील फरक सांगावा लागतो. म्हणून आकडा बोलून न थांबता लिहून द्यावा आणि औषधाच्या मापावरील रेघ बोटाने दाखवावी.

निर्णय घेताना

इथवर वाचून वाटेल की मी इंग्रजीच्या विरुद्ध लिहीत आहे. तसे नाही. दुसऱ्या भाषेत विचार करण्याचा एक मोठा लाभही आहे.

१९८२ साली बार्बरा मॅकनील व त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगासंबंधी एक प्रयोग प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया की किरणोपचार, अशी निवड करावयाची होती. काहींना सांगितले की शस्त्रक्रियेतून शंभरांपैकी नव्वद जण वाचतात, काहींना सांगितले की शंभरांपैकी दहा दगावतात. गोष्ट एकच, परंतु 'वाचतात' असे ऐकलेल्यांनी शस्त्रक्रिया अधिक प्रमाणात निवडली. विशेष म्हणजे, डॉक्टरांवरही मांडणीचा तसाच परिणाम झाला.

तीस वर्षांनी, २०१२ साली, शिकागो विद्यापीठातील बोआझ कीझार व सहकाऱ्यांनी याच प्रकारचे प्रश्न लोकांना मातृभाषेत व नंतर शिकलेल्या परभाषेत विचारून पाहिले. मातृभाषेत लोक शब्दांच्या मांडणीला बळी पडत. परभाषेत तो परिणाम ओसरला. २०१४ मध्ये अल्बर्ट कोस्टा यांच्या गटाने नैतिक पेच घेतला. एका माणसाला पुलावरून रुळांवर ढकलले तर गाडी थांबून पाच जण वाचतील, ढकलावे काय? परभाषेत प्रश्न वाचणाऱ्यांमध्ये 'होय' म्हणणाऱ्यांचे प्रमाण अधिक आढळले.

कारण बहुधा असे की मातृभाषेच्या शब्दांना लहानपणापासूनच्या भावना चिकटलेल्या असतात. 'मरण' या शब्दाने पोटात जे होते, ते 'मॉर्टॅलिटी' या शब्दाने होत नाही. त्या थंडपणाचा आपल्याला उपयोग आहे. पाय कापावा लागेल की नाही हा निर्णय थंड डोक्यानेच घ्यावा लागतो. परंतु हाच थंडपणा रुग्णाशी बोलताना सोबत राहिला तर आपण क्रूर ठरतो. दुसऱ्या भाषेत ढकलणे सोपे जाते, ही गोष्ट डॉक्टरांनी विसरू नये.

दोन मर्यादा मात्र लक्षात ठेवाव्यात. ज्यांना दुसरी भाषा बालपणापासून घरातल्यासारखी आहे, त्यांच्यात हा परिणाम दिसेलच असे नाही. इंदूरच्या मराठी माणसाला हिंदी परकी नाही. दुसरे असे की परभाषा तर्कातील चुका आपोआप दुरुस्त करीत नाही. बॅट आणि चेंडू मिळून ११० रुपयांचे, बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग, तर चेंडू कितीचा? बहुतेकांच्या ओठावर 'दहा' येते. बरोबर उत्तर पाच. अशा कोड्यांत परभाषेत विचार केल्याने लोकांची उत्तरे सुधारली नाहीत, असे कोस्टा यांच्याच गटाला आढळले. भावनेचा जोर कमी करणे हे परभाषेचे काम. समजून घेण्याचे कष्ट कोणतीही भाषा वाचवीत नाही.

आजारपणात

मेंदूच्या आजारात तर भाषेचा प्रश्न उघडाच पडतो. अनेक भाषा जाणणाऱ्या माणसाला पक्षाघातात वाचा गेल्यावर प्रथम कोणती भाषा परत येते, याविषयी फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकातच दोन मते मांडली गेली. रिबो यांच्या मते सर्वांत आधी शिकलेली भाषा टिकते. पित्र यांनी १८९५ साली म्हटले की आजारापूर्वी जी भाषा सर्वाधिक वापरात होती ती आधी परतते. प्रत्यक्षात दोन्ही प्रकारचे रुग्ण आढळतात. म्हणून प्रत्येक भाषेत स्वतंत्र तपासणी करणे हाच मार्ग. कॅनडातील मिशेल पॅराडिस यांनी १९८७ साली त्यासाठी खास चाचणी तयार केली.

आपल्या समाजातील वृद्धांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे. आयुष्यभर उत्तम हिंदी बोललेल्या आजी आजारात केवळ मराठी बोलू लागतात. अतिदक्षता विभागातील परप्रांतीय परिचारिकेला ते कळत नाही आणि 'रुग्ण असंबद्ध बोलत आहे' अशी नोंद होऊ शकते. शंभरातून सात-सात वजा करण्याची चाचणी आपण सर्व जण घेतो. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. ज्या आजोबांनी पाढे मराठी शाळेत म्हटले, त्यांना ही वजाबाकी इंग्रजीत करावयास लावून स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारणे अन्यायाचे आहे.

याच क्षेत्रात एक आनंदाची गोष्टही आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील डॉ. सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी २०१३ साली ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार एकभाषकांपेक्षा सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला आढळला आणि निरक्षर रुग्णांतही हा फरक दिसला. जगातील सर्वच अभ्यासांचे निष्कर्ष असे एकमुखी नाहीत. तरीही दोन भाषा सांभाळल्याने मुलांच्या डोक्यावर भार पडतो, ही पालकांची भीती अनाठायी आहे एवढे म्हणता येईल.

शिकताना

मातृभाषेतून वैद्यक शिकविण्याचे प्रयोग नवे नाहीत. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ मध्ये मराठी व गुजराती भाषांतून शिक्षण देणारे वर्ग सुरू झाले होते. हैदराबादला १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकही उर्दूतून शिकविले जाई. आपल्या मध्य प्रदेशात १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळ येथे एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाची शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन या विषयांची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. त्यांत बऱ्याच इंग्रजी संज्ञा तशाच ठेवून त्या देवनागरीत छापल्या आहेत. यावर टीका व कौतुक दोन्ही झाले. मला त्यातील तत्त्व योग्य वाटते. संज्ञा कोणत्याही भाषेतील असोत. 'म्हणून', 'कारण', 'जर-तर' हे सांधे विद्यार्थ्याला स्वतःच्या भाषेत जुळविता आले पाहिजेत. संज्ञा पाठ होतात. सांधे समजावेच लागतात.

मात्र जगातील नवे संशोधन बहुतांशी इंग्रजीत येते, हेही तितकेच खरे. इंग्रजीचा हात सोडून चालणार नाही.

काय करता येईल

या सर्वांतून माझ्यापुरते मी काही नियम केले आहेत. ते सहकाऱ्यांपुढे नम्रपणे ठेवतो.

पहिला नियम, रुग्णाची मुख्य तक्रार त्याच्याच शब्दांत देवनागरीत लिहावी आणि इंग्रजी संज्ञा तिच्यापुढे लिहावी. 'घबराहट' हा शब्द कागदावर राहिला, तर पुढचा डॉक्टर निदान प्रश्न तरी विचारील.

दुसरा, निदान ठरल्यावर ते मनात एकदा साध्या मराठीत, एकही इंग्रजी शब्द न घालता सांगून पाहावे. 'याच्या हृदयाला रक्त कमी पडते, कारण चालताना छाती भरते आणि थांबल्यावर मोकळी होते.' असे वाक्य जुळले नाही तर बहुधा आपणच कोठेतरी संज्ञेवर समाधान मानलेले असते. ज्यांची पहिली भाषा आता हिंदी झाली आहे, त्यांनी हे हिंदीत करावे. नियम तोच.

तिसरा, गंभीर निर्णयाची आकडेमोड खुशाल इंग्रजीत करावी. पण रुग्णाला पर्याय सांगताना त्याच्या भाषेत आणि दोन्ही बाजूंनी सांगावेत. शंभरांतून नव्वद वाचतात आणि दहा दगावतात, ही दोन्ही वाक्ये उच्चारावीत. संमतिपत्रावरील इंग्रजी मजकुरावर घेतलेला अंगठा फाइल पूर्ण करायला पुरेल. रुग्णाच्या समजुतीला पुरत नाही.

चौथा नियम घरासाठी. इंदूरने १९१७, १९३५ व २००१ अशी तीन वेळा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरविली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. हे सर्व अभिमानास्पद आहे. परंतु आपल्या अनेक घरांत मराठी आता जेवण, सण आणि आजी-आजोबा यांपुरती उरली आहे. भाषेत केवळ 'जेवायला चल' म्हटल्याने तिच्यात विचार करता येत नाही. मुलांना मराठीत 'का?' विचारावे आणि उत्तर मराठीत जुळवू द्यावे. शाळेतील एखादा विज्ञानाचा धडा, वर्तमानपत्रातील एखादी बातमी, घरातील एखादा खर्च, कशावरही हे करता येते. वाक्य अडखळले तर हसू नये; हिंदी शब्द आला तर तो येऊ द्यावा.

आपली मुले उद्या डॉक्टर होतील, कदाचित इंदूरपासून फार दूर, निराळ्याच भाषेच्या रुग्णांमध्ये व्यवसाय करतील. तिथे त्यांच्या रुग्णांना मराठी येणार नाही. तरीही ज्याने एका भाषेतील शब्दांचे बारकावे मनापासून जाणले आहेत, तो दुसऱ्या भाषेतील शब्द ऐकताना थांबतो आणि विचारतो, 'म्हणजे नेमके काय होते?' वैद्यकाची सुरुवात त्या प्रश्नापासून होते, आणि तो विचारण्याची सवय आपल्या घरात लागू शकते, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.